वेगळी काढलेली बरणी

सकाळी पावणेआठला काका दाराशी उभे राहायचे, शर्टाच्या खिशातून चमचा काढायचे, सुती फडक्यानं तीनदा पुसायचे आणि डोळ्यांसमोर धरून त्यात स्वतःचं तोंड बघायचे. चमच्यात चेहरा उलटा दिसतो. "आहे, अजून डोकं खालीच आहे," असं म्हणून ते चमचा फडक्यात गुंडाळायचे, खिशात ठेवायचे आणि बाहेर पडायचे. आतून काकू ओरडायची, "डोकं असतं तर डबा विसरला नसता!" मग ते चपला न काढता तसेच आत यायचे आणि जेवणाचा डबा घेऊन जायचे. मी त्यांची पुतणी, त्यांच्याकडेच राहायचे; सहा वर्षं मी हे रोज पाहिलं. डबा ते खरंच विसरायचे की काकूचं ओरडणं ऐकायला मुद्दाम ठेवून जायचे, हे मला कधी कळलं नाही.

काका मध चाखायचे. हीच त्यांची नोकरी. गावाच्या टोकाला एका बैठ्या इमारतीत मध भरण्याचा लहानसा कारखाना होता. आत एक उबेची खोली, जिथे गोठलेला मध हळूहळू पातळ व्हायचा. तिच्या शेजारी एक मोठी स्टीलची टाकी, खाली तोटी. आणि एक लांब टेबल, तिथे चार बायका बरण्या पुसून लेबलं चिकटवत. डोंगरातून पेटीवाले, म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे लोक, मोठमोठ्या कॅनमधून मध आणायचे. प्रत्येक कॅनमधला एक थेंब आधी काकांच्या जिभेवर, मग उरलेला टाकीत. थेंब जिभेच्या टोकावर, मग कडेला, मग मागे घशापाशी. डोळे मिटलेले. नंतर पावाचा कोरडा तुकडा, कोमट पाण्याची चूळ आणि पुढचा कॅन. कॅनवर ते खडूनं खूण करत. उभी रेघ म्हणजे टाकीत ओता. फुली म्हणजे परत पाठवा. गोल म्हणजे थांबा.

गोल वर्षातून एकदाच निघायचा. हंगामातला सगळ्यात चांगला कॅन सर्वांत शेवटी टाकीत जायचा, आणि त्याआधी त्यातून एक बरणी वेगळी काढली जायची. ती चाखणाऱ्याची. ही त्या कारखान्याची जुनी रीत. टाकीत दहा-बारा ठिकाणचा मध एकत्र होतो, म्हणून दुकानातली बरणी नेहमी सारखीच लागते. ही एक बरणी मात्र एकाच उताराची, एकाच फुलाची. काका म्हणायचे, "मिसळलेला दुकानासाठी. हा घरासाठी."

कारखान्यातल्या बायका त्यांना चमचेकाका म्हणत. "मालकीणबाईंचा एकच चमचा," त्या त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, "आणि तोही कामाचा!" काका हसून फडकं झटकायचे. जिभेला मात्र ते लेकरासारखं जपत. तिखट नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा संध्याकाळी घरी आल्यावर. काकू म्हणायची, "एवढी जपलेली जीभ, पण माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हणायला कधी वळली नाही."

काकू म्हणायची ते खरं होतं. पण त्या वर्षी काका तिच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणू लागले.

पावसाळ्यात त्यांना आठ दिवस ताप आला होता. उतरला तेव्हा ते बरेच वाळले होते, पण कामावर गेले. त्यानंतर जेवताना एक गोष्ट मला दिसायची, पण तिचा अर्थ लागायचा नाही. पहिला घास घेऊन ते गप्प राहायचे आणि आमच्या तोंडाकडे बघायचे. काकूनं "मीठ जरा जास्तच झालं" म्हटलं की लगेच म्हणायचे, "हो, जास्तच झालंय." मी "वा" म्हटलं की तेही "वा". एकदा मी घाईत आमच्या दोघांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. कप रिकामा करून त्यांनी तो धुऊन ठेवला. आपली चूक मला माझ्या स्वतःच्या कपात कळली. मला वाटलं, माझं मन राखायला प्यायले असतील. त्यांचं मला फार कौतुक वाटलं होतं.

त्यांची चव गेली होती. वासही. चाळीस वर्षं जिच्यावर घर चाललं, ती जीभ तोंडात नुसती पडून होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आठ महिने ते तसेच कॅनपुढे उभे राहिले, डोळे मिटले, पावाचा तुकडा चावला, चूळ भरली. प्रत्यक्षात ते डोळ्यांनी चाखत होते. चमच्यावरून मधाची धार तुटते कशी, रंग किती गडद, बुडबुडा वर यायला किती वेळ लागतो. एवढ्या वर्षांची नजर होती, आठ महिन्यांत एकही खूण चुकली नाही. कदाचित त्यांनाही वाटलं असेल, की निभावलं.

त्या वसंतात खालच्या उतारांवरचा फुलोरा थंडीनं करपला. एका पेटीवाल्यानं आपल्या पेट्या वर नेल्या, जिथे लाल फुलांच्या झुडपांशिवाय दुसरं काही उगवत नाही. त्याचा मध आला तो तांबूस, जड, काचेतून दिवा लावल्यासारखा दिसणारा. काकांनी थेंब जिभेवर ठेवला. घसा खवखवला. तापानंतर राहिलेला खोकला असेल, असं त्यांनी धरलं. आणि कॅनवर गोल काढला.

त्या फुलांच्या रसात विष असतं. माश्यांना त्याचं काही होत नाही. टाकीत दहा कॅनमध्ये एक असा गेला तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण आमच्याकडे आली ती वेगळी काढलेली बरणी.

त्या दिवसांत काकू दुखण्यातून उठली होती. छातीत कफ साठून तीन आठवडे अंथरुणात होती, आता भिंतीला धरून चालायची. रविवारी काकांनी बरणी तिच्या उशाशी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी कोमट पाण्यात एक चमचा सुरू केला.

"अहो, हा कडसर लागतोय," काकू म्हणाली.

"रानातला आहे. असाच असतो. औषध समजून घे."

"घशात आग होतेय."

"कफ सुटतोय."

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार," काकू म्हणाली. "माझ्याच तोंडाला चव नाही."

काका खिडकीकडे वळले. मी पुस्तक घेऊन तिथेच बसले होते. मला मध आवडत नाही, शिवाय ती बरणी आजारी माणसाची, म्हणून मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. काका घरात मध कधीच खात नसत. म्हणायचे, "दिवसभर तेच करतो, घरी तरी सुटका द्या."

सोमवारी काकूला जरा गरगरलं. अशक्तपणा असेल म्हणून मंगळवारी काकांनी एका चमच्याचे तीन केले. अर्ध्या तासात ती न्हाणीच्या दारात कोसळली. ओठ निळसर, कपाळावर घाम, उलटी थांबेना. "मला तू नीट दिसत नाहीस गं," ती मला म्हणत होती, आणि मी तिच्या तोंडासमोर होते.

आमच्या गावातलं हॉस्पिटल बारा खाटांचं. तरुण डॉक्टरांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मिनिटाला चौतीस. त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, छातीला तारा लावल्या. दुपारपर्यंत नाडी वर आली, काकूचा रंग परतला. संध्याकाळी ती नर्सला म्हणालीसुद्धा, "एवढ्या तारा लावल्यात, गाणी तरी लावा." आमचा जीव भांड्यात पडला.

बुधवारी सकाळी काका पिशवीत थर्मास आणि ती बरणी घेऊन आले.

मी खाटेच्या पायथ्याशी बसून हे पाहिलं. त्यांनी कपात कोमट पाणी ओतलं, खिशातून आपला चमचा काढला, तीनदा पुसला, एक, दोन, तीन चमचे मध ढवळला आणि काकूची मान हातावर घेऊन घोट घोट पाजला. त्यांच्या हाताला इतकी माया होती की मला मध्येच दुसरीकडे बघावं लागलं. तास उलटायच्या आत यंत्र ओरडायला लागलं. नाडी एकतीस.

या वेळी इंजेक्शन देऊनही ती जेमतेम चाळिशीला आली. डॉक्टरांनी काकांना व्हरांड्यात बोलावलं. "काका, हे पुन्हा पुन्हा होतंय. हृदयाचं वायरिंगच बिघडलेलं दिसतंय. यंत्र बसवावं लागेल, ते शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. दोन वाजता गाडी येईल."

"पाच तासांचा घाट आहे," काका म्हणाले.

"हो."

"पोचेल ना ती?"

डॉक्टरांनी हातातला कागद उलटा केला. "रस्त्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही. इथे ठेवलं तर काय होईल, तेही."

भिंतीला टेकून काका हळूहळू बाकावर बसले. मी कप आणि काकांचा चमचा धुवायला नळावर गेले. काही कारण नव्हतं, चमच्याला मध चिकटला होता आणि माझे हात ओले होते, मी तो तोंडात घातला. आधी गोड. मग कडू, कच्च्या औषधासारखं, आणि त्यामागून घशात एक बारीक आग, जी गिळून जाईना. तीनदा चूळ भरली तरी राहिली.

मी चमचा तसाच घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "काका, हा मध कडू आहे."

त्यांनी मान वर केली. "कडू?"

"खूप. घसा भाजतोय माझा. काकूनं सांगितलं होतं तुम्हाला. तुम्हाला कसं नाही कळलं? तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले, जेवताना बघायचे तसे. तेव्हा मला ते सगळे पहिले घास आठवले. मिठाचा चहा आठवला.

"काका, तुम्हाला चव येत नाही?"

"किती कडू?" एवढंच ते म्हणाले. "नीट सांग. फळाच्या बीसारखं, की जळलेल्या साखरेसारखं? मागे लागतं की पुढे?"

"मागे. जाळतं."

त्यांनी डोळे मिटले. "वरचा उतार," ते स्वतःशी म्हणाले. "माझ्या गुरूंनी सांगितलं होतं. मागे जाळणारा मध घरात आणायचा नाही. चाळीस वर्षांत एकदाही आला नाही तसा." मग ताडकन उठले. "आणि मी तिला सकाळी पुन्हा पाजला. माझ्या हातानं."

डॉक्टरांच्या खोलीत ते बसले नाहीत. "मधामुळे झालंय," त्यांनी उभ्यानंच सांगितलं.

डॉक्टर थकले होते. दोन दिवस ते घरी गेले नव्हते. "काका, मध सगळेच खातात. दोन-तीन चमच्यांनी कोणाची नाडी तिशीवर येत नाही. मी तरी असं कधी पाहिलेलं नाही. बरणी ठेवून जा, तपासायला पाठवतो. आठवडा लागेल."

"दोन वाजता गाडी आहे."

"म्हणूनच म्हणतो, आता मला काम करू द्या."

"मी सांगतो ना, चाळीस वर्षं मी..." आणि तिथे काका थांबले. ज्या वाक्यावर ते आयुष्यभर उभे होते, ते त्यांना पुरं करता आलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी माझा फोन मागितला आणि मालकीणबाईंना लावला. मी शेजारी होते. पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"बाई, कोपऱ्यात गोल खुणेचा कॅन आहे, तो टाकीत ओतू नका. कोणाला हातही लावू देऊ नका."

"का हो? तुम्हीच तर गोल काढलात. चाखला नाहीत का?"

"चाखला. पण मला चव लागत नाही, बाई. पावसाळ्यापासून. आठ महिने मी तुम्हाला फसवलं."

पलीकडे बरण्यांचा आवाज येत राहिला. मग बाई म्हणाल्या, "ते नंतर बघू. वहिनी कशा आहेत?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला.

मी फोनवर शोधायला लागले, पण व्हरांड्यात रेंज यायची नि जायची. एक पान अर्धं उघडायचं, थांबायचं. काका काचेतून काकूकडे बघत होते. "जुने कागद घरी राहिलेत," ते म्हणाले. "मोठ्या हॉस्पिटलात मागतील. जाऊन घेऊन ये." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. म्हणून मी गेले.

घर दहा मिनिटांवर. मी पळत गेले, पळत आले. वाटेत कोपऱ्यावर रेंज मिळाली आणि ते पान उघडलं. फुलांची नावं, नाडी मंद होणं, रक्तदाब कमी होणं, उलट्या, अंधुक दिसणं, सगळं होतं. बहुतेक जण मध थांबवल्यावर एका दिवसात बरे होतात, असंही होतं. मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं रडले. वाटलं, सुटलो. आता फक्त हे डॉक्टरांना दाखवायचं.

काका बाकावर होते. बरणी मांडीवर, चमचा हातात. जवळजवळ भरलेली बरणी आता निम्मी झाली होती.

"अकरा वाजून वीस," ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "लिहून ठेव. मला काही झालं तर मधच आहे. नाही झालं तर तिला गाडीत घालू दे."

"काका, मला सापडलंय! सगळं लिहिलेलं आहे इथे! काय केलंत हे?"

ते माझ्याकडे बघून थोडे ओशाळले, डबा विसरल्यावर ओशाळायचे तसेच.

मी डॉक्टरांना ओढत आणलं. त्यांनी फोनवरचं वाचलं, शहरातल्या कोणा वरिष्ठांना विचारलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोनची गाडी थांबवली गेली. तोवर काकांना घाम सुटला होता. त्यांची नाडी मोजली तेव्हा ती काकूएवढीच होती, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. पण ते रक्तदाबाची गोळी घेत, नाडी मंद करणारी, रोज सकाळी न चुकता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही, आणि सांगायचं माझ्याही लक्षात आलं नाही. इंजेक्शनं दिली, सगळं केलं, पण त्यांची शुद्ध परत आली नाही. डॉक्टर चार तास त्यांच्या खाटेपासून हलले नाहीत. दुपारी साडेतीनला यंत्रावरची रेघ सरळ झाली.

गुरुवारी सकाळी काकू उठून बसली. तिनं पाणी मागितलं, मग चहा, मग "हे कुठे आहेत?"

जी बातमी मी तिला दिली, ती कशी दिली ते लिहिणार नाही.

या वसंतात काकांना जाऊन दोन वर्षं झाली. मालकीणबाईंनी तो कॅन पुरून टाकला आणि बरणी वेगळी काढण्याची रीत बंद केली. आता तिथे दोन जण चाखतात, एक बाई आणि एक पुरुष, आणि दोघांची खूण जुळली तरच कॅन टाकीत जातो. काकूची नाडी उत्तम चालते. ती रोज पावणेआठला दाराकडे बघते आणि काही बोलत नाही. डबा भरायची सवय अजून गेली नाही, तो मी नेते. मी तो कधी विसरत नाही, आणि कधी कधी मला वाटतं, एखाद्या दिवशी विसरायला हवा.

ती मला अधूनमधून विचारते, "शेवटचं काय म्हणाले गं?" इतके दिवस मी खोटं सांगत आले. म्हणाले, तुझ्या काकूला सांभाळ. म्हणाले, तिला सांग, माझं चुकलं. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. "हे त्यांचं बोलणं नाही," ती म्हणायची. "खरं सांग."

गेल्या महिन्यात मी खरं सांगितलं. डॉक्टर शहरात फोन लावत होते, मी बरणी काकांच्या मांडीवरून उचलली होती आणि झाकण नुसतंच वर ठेवलं होतं. काकांनी चमचा फडक्यानं तीनदा पुसला, गुंडाळून खिशात ठेवला, मग माझ्या हाताकडे बघितलं.

"झाकण घट्ट लाव," ते म्हणाले. "मुंग्या येतील."